बारशाचा मध

सासूबाईंनी बारशाचं ताट मांडलं तसं फेहिंतोलाने ते निरखून पाहिलं. मीठ, पाणी, मिरी, कोलाची कडू फळं आणि मधोमध मधाची वाटी.

"आई, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलंय ते ठरलंय. मध बाळाच्या नाही, तुझ्या जिभेवर ठेवू. पण मधाशिवाय बारसं आपल्या इलेशा गावात कुणी पाहिलंय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

फेहिंतोलाचा थोरला मुलगा तिवालादे हातचा जाता जाता राहिला होता. पहिल्यांदा केळं भरवलं तेव्हा पोर पांढरंफटक पडलं, घामाने निथळलं. घरातल्या शहाण्यांनी त्याला ताकद यावी म्हणून वर संत्र्याचा रस पाजला. फळातली, मधातली, उसातली साखर त्याच्या यकृताला विष आहे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कुठे कळलं. आता भात, मासे, अंडी खाऊन तो टुणटुणीत होता. पण हा आजार भावंडांतही उतरतो, आणि या धाकट्या लेकीच्या रक्ताचा अहवाल अजून यायचा होता. तोवर गोडाचा थेंबही द्यायचा नव्हता.

बाळाचा तो आठवा दिवस होता. अंगण भरलं. एकेक वडीलधारं माणूस पुढे येऊन बाळाला आपापलं नाव देत होतं. कुणी पणजीचं दिलं, कुणी देवाचं. दर नावाला मधाचं बोट पुढे येई आणि फेहिंतोला ते स्वतः चाटे. सासूबाई वाटीवर घारीसारखी नजर ठेवून होत्या.

"मध आईला, नाव लेकीला. चिकटायचं कसं ते?" नवऱ्याची आत्या आयोका म्हणाली.

"तुझं तोंड चिकटलं तरी पुष्कळ झालं," सासूबाई म्हणाल्या. सगळे खदखदून हसले. फेहिंतोलाही हसली, तिचा जीव भांड्यात पडला.

जेवणं सुरू झाली. सासूबाई भाताच्या पातेल्यापाशी गेल्या, फेहिंतोला जरा आडवी झाली, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिलं. ते परत आलं तेव्हा गारठलेलं होतं. कपाळावर घाम होता. छातीशी धरलं तर तोंड उघडेना, आणि मग भडाभडा ओकलं.

"कुणी दिला मध?"

फेहिंतोला एकेकाला विचारत सुटली. शेवटी आयोका आत्याला रडू फुटलं. "एक बोट गं फक्त. माझं नाव कोरडं राहू नये म्हणून. एका बोटाने काय होतंय, म्हटलं."

"मीपण," धाकटी काकू पुटपुटली. "मला वाटलं, मी एकटीच."

भिंतीशी बसलेले थोरले काका खाकरले आणि त्यांनी मान खाली घातली.

फेहिंतोलाने सासूबाईंकडे पाहिलं. "नाही गं पोरी, लेकराची शपथ," त्या म्हणाल्या. 

नवऱ्याने गाडी काढली. फोनवर डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "किती मध गेलाय पोटात?"

फेहिंतोला सकाळची नावं आठवून मोजू लागली. एका नावाला एक बोट. एकेक नाव ती बाळाच्या कानाशी मोठ्याने घेत गेली. सगळी नावं संपली, तरी बाळाने डोळे उघडले नाहीत.