वहिनीच्या इंजिनाची पुस्तकं

ग्रंथपालबाईंच्या वाचनालयातून कोणी हात हलवत परत गेलं, असं कधी झालं नव्हतं. वाचकाने "ते निळ्या कव्हरचं, ज्यात शेवटी दोघं बोटीत बसतात" एवढं म्हटलं तरी बाई तडक उठून नेमक्या कपाटाशी जात. या गोष्टीचा त्यांना ताठा होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. तो ताठा उतरवला त्यांच्या वहिनीने.

वहिनीचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शेजारीच तिच्या नवऱ्याचं, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाचं, शिंपीकामाचं दुकान. दोन्हींच्या मध्ये एक पत्र्याची भिंत. पाण्याच्या पंपाची, जनरेटरची, बोटीची इंजिनं वहिनीकडे यायची. हे काम ती माहेरी वडिलांच्या हाताखाली शिकली होती, आणि सुटं केलेलं इंजिन ती डोळे मिटून जोडेल असं लोक म्हणायचे. भाऊ सगळ्यांना सांगायचा, "आमच्या घरात दोन मशिनं. एक माझं, एक हिचं. दोन्ही सुरू झाली की माझं कोण ऐकतंय!"

एका दुपारी वहिनी चिंधीला हात पुसत वाचनालयात आली. बाई चाटच पडल्या. आजवर वहिनी तिथे आली होती ती फक्त कुरकुरणारा पंखा बघायला.

"वन्सं, मला पुस्तक पाहिजे. इंजिनाचं."

"दुरुस्तीचं?"

"दुरुस्ती मला येते हो. पिस्टन एवढाच का? व्हॉल्व्ह इतका आधी का उघडतो? हे ठरवलं कुणी, आणि कशावरून? जन्मभर दुसऱ्यांनी आखलेली इंजिनं जोडत आले. एक तरी माझं स्वतःचं आखून चालवायचंय."

"एवढंच ना?" म्हणत बाईंनी कपाटातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

ते आठवड्याच्या आत परत आलं. "वन्सं, हे पहिल्याच पानावर जाम झालं. समीकरणांवर समीकरणं. इंजिन कुठे गेलं ते काही सापडलं नाही."

बाईंनी दुसरं दिलं, रंगीत चित्रांचं. तेही आलं. "हे मला पाना कसा धरायचा ते शिकवतंय!" मग एक नवंकोरं, गुळगुळीत कागदाचं. वहिनीने ते मात्र बरेच दिवस ठेवलं आणि परत देताना म्हणाली, "यात सगळं आहे. फक्त 'का' तेवढं नाही. राहू द्या वन्सं, नसेल तसं पुस्तक. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. वहिनी रागावली असती तर परवडलं असतं! त्या रात्रभर तळमळल्या नाहीत की काही नाही, पण सकाळी आरशासमोर वेणी घालताना त्यांनी स्वतःशी कबूल केलं: तिन्ही पुस्तकं आपण जाडी बघून आणि नाव बघून दिली. एकही उघडून वाचलं नव्हतं.

वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक गृहस्थ होते. तंत्रनिकेतनात हयातभर इंजिनंच शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाईंनी त्यांना गाठलं आणि इंजिनावरचं चांगलं पुस्तक विचारलं.

"चांगलं, पण कुणासाठी?" मास्तरांनी चष्मा काढला. बाईंनी वहिनीची हकीकत सांगितली, तसे ते म्हणाले, "पायाचं माप न घेता चप्पल मागताय तुम्ही. चला, त्यांच्याकडेच जाऊ."

वर्कशॉपमध्ये शिरल्याबरोबर म्हातारबुवा दहा वर्षांनी तरुण झाले. त्यांनी वहिनीला प्रश्न विचारले, तिने त्यांना विचारले, आणि चहा दोनदा गार झाला. मग ते बाईंकडे वळले.

"एकच पुस्तक शोधत होतात, तिथेच चुकलं. यांना तीन लागतील. उष्णतेपासून काम कसं निघतं ते सांगणारं एक. कुठल्या भागावर किती ताण येतो आणि तो किती जाड हवा ते सांगणारं दुसरं. आणि तिसरं हवा आत कशी येते, धूर बाहेर कसा जातो, त्याचं."

"पण त्यातलं चांगलं कुठलं ते कळायचं कसं?"

"सोपं आहे. हे समोरचं पंपाचं इंजिन घ्या. त्याची मापं काढा आणि पुस्तकातल्या रीतीने त्याची ताकद मोजा. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास आलात तर पुस्तक ठेवा. रीतच हाती लागली नाही तर द्या परत. आणि जुन्या आवृत्त्या बघून नाक मुरडू नका. ती माणसं हाताने गणितं करायची, म्हणून मधली पायरी गाळत नसत."

बाईंनी पदर खोचला. कॉलेजांच्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवले, रद्दीवाल्यांच्या ढिगात बसकण मारली, एका बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्राच्या तळघरात शिंकून शिंकून हैराण झाल्या. आणलेलं प्रत्येक पुस्तक पंपाच्या इंजिनावर पारखायचं. कितीतरी नापास झाली. ज्या दिवशी पहिल्यांदा कागदावरचा आकडा पाटीवरच्या आकड्याशेजारी येऊन बसला, त्या दिवशी दोघी नणंद-भावजया एवढ्या ओरडल्या, की भाऊ कात्री घेऊनच धावत आला.

वाचनालयाचे अध्यक्ष कुरकुरले, "ही पुस्तकं वाचणार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. या वेळची पुस्तकं इंग्रजी. बाई वाक्य वाचून मराठीत सांगायच्या, आकडेमोड करायच्या. वहिनी पिस्टन हातात धरून तेच पुन्हा सांगायची, तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडायचा. हळूहळू बाईंना तेलाचा वास आवडायला लागला.

वहिनीने एका सिलिंडरचं लहानसं इंजिन आखलं. ओतीव भाग ओतकाम कारखान्यातून करून आणले, बाकीचं स्वतःच्या लेथवर कातलं. क्रँकची जाडी दुसऱ्या पुस्तकाने सांगितली तेवढीच, केसभरही कमी नाही. पहिल्यांदा फिरवलं, तेव्हा ते सुरू झालं खरं, पण वेग वाढवला की धापा टाकायचं.

"कार्बोरेटर बदल," भाऊ म्हणाला. शिंप्याचा सल्ला!

पूर्वीची वहिनी असती तर तिने खरोखरच एकेक भाग बदलून पाहिला असता. आता ती स्टुलावर बसली. "वन्सं, तिसरं काढा. हवेचा वेग मोजायचा राहिला आपला."

बाईंनी हिशोब मांडला. पिस्टन एवढा, फेरे इतके, आणि हवा आत यायचं दार, म्हणजे व्हॉल्व्ह, एवढंसं. आकडा आला तसा त्यांनी पुन्हा करून पाहिला. पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे.

"वहिनी, अगं याला श्वासच घेता येत नाहीये! दार लहान पडतंय."

"मोठ्या, संथ इंजिनावरून अंदाजाने घेतलं होतं मी ते," वहिनी म्हणाली. "इथेच तेवढा अंदाज केला, बघा." आणि ती खजील होण्याऐवजी हसायला लागली, कारण आता 'का' तिच्या हातात होतं.

नव्या, मोठ्या व्हॉल्व्हचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, तयार झालं, त्या दिवशी मास्तर सकाळपासून येऊन बसले होते. वहिनीने दोरी ओढली. इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि लय धरली. वेग वाढवला. धाप नाही, अडखळणं नाही. टेबलावरचे नट नाचत नाचत खाली पडले.

"कुठल्या कंपनीचं हो?" पंप घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं.

वहिनीने तोंड उघडायच्या आत, गळ्यात टेप लटकवलेला भाऊ पुढे झाला. "कंपनी? आमच्या हिने आखलंय! मापं घेण्यापासून सगळं. आणि पुस्तकं माझ्या बहिणीने शोधलीत." एवढं बोलून तो बाहेर गेला, दुकानाचं शटर ओढलं आणि अख्खी गल्ली बोलावून आणली.

गर्दीत बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत हजारो पुस्तकं त्यांच्या हातातून गेली, पण एखादं पुस्तक असं उभं राहून धडधडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. डोळे धुराने चुरचुरतायत असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

"तिथे काय करताय?" वहिनीने त्यांना हाताला धरून पुढे ओढलं आणि त्यांची बोटं वेगाच्या दांड्यावर ठेवली. "वन्सं, आता तुम्ही वाढवा."

बाईंनी दांडा पुढे सरकवला.