मधला चौकोन

तिनं चित्रफीत पुन्हा सुरुवातीला नेली. पेटीत पांढरा उंदीर, त्याच्या नाकावर संगणकानं लावलेला लाल ठिपका, आणि ठिपक्यामागून उमटत जाणारी रेघ. घाबरलेला उंदीर भिंतीला चिकटून फिरतो. भीती सरली की उघड्या मधल्या चौकोनात येतो. तिचं औषध भीती घालवण्याचं होतं आणि ते दिलेले उंदीर मधे बिनधास्त हिंडत होते. तीन वर्षं राबल्यावर असा निकाल हाती आला होता. अहवाल उद्या द्यायचा होता.

एकच गोष्ट खटकत होती. औषधाच्या एका सोमवारी उंदीर भिंत सोडायला तयार नव्हते, आणि एका मंगळवारी औषधाऐवजी नुसतं पाणी टोचलेले उंदीर मधोमध बसून मिशा साफ करत होते. तिनं हजेरीपट काढला. त्या सोमवारी उंदीर सांभाळणारे मामा रजेवर होते. त्या मंगळवारी ते दुसऱ्या मदतनिसाच्या जागी आले होते.

मामांना सगळे थट्टेनं उंदीरमामा म्हणत. सोमवारी आणि गुरुवारी त्यांची पाळी, आणि औषधाचे वारही तेच; पाण्याच्या दिवशी दुसरा मदतनीस असायचा. वेळापत्रक तिनंच आखलं होतं, खोली रिकामी मिळेल तसं. तिला स्वतःचाच राग आला.

उंदीर सोडणारा हात पेटीबाहेर गेल्यावरच संगणक मोजायला लागायचा, म्हणून आधीचे क्षण कुणी पाहिलेच नव्हते. आता तिनं पाहिले. दुसरा मदतनीस शेपटीला धरून उंदीर सोडायचा. मामा ओंजळीत घ्यायचे, तो शांत होईपर्यंत थांबायचे, मग ओंजळ पेटीत टेकवून त्याला आपणहून उतरू द्यायचे. बिचाऱ्या औषधाचा यात काही संबंधच नव्हता.

मामा धुतलेले पिंजरे घेऊन आत आले.

"काय ताई, लागू पडलं ना आपलं औषध?"

त्यांचा जीव या औषधात अडकला होता. मुलगा अपघातात गेल्यापासून, दोन वर्षं, त्यांची बायको घराबाहेर पडली नव्हती. उंबऱ्याशी यायची, थरथरायची आणि मागे फिरायची.

"बसा मामा."

"माणसांना कधी मिळेल? मी घरी सांगून बसलोय, आता फार दिवस नाहीत म्हणून."

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण उद्या खरं काय ते अहवालात लिहावंच लागणार होतं, आणि मामांनी ते दुसऱ्या कुणाकडून ऐकावं हे तिला सहन झालं नसतं.

"मामा, औषधानं काहीच झालेलं नाही. तुमच्या हातानं झालंय. तुम्ही धरलेला उंदीर घाबरतच नाही."

तिनं दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावून दाखवल्या. मामांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या. कौतुक झाल्यासारखं ते थोडं हसले, मग हसू विरलं. त्यांनी पिंजरे खाली ठेवले.

"घरी तिचा हात तर मी रोजच धरतो, ताई."