ऐकू नका

उमेदीची सगळी वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. ती बरी होती असं लोक म्हणत. लोक भिडस्त असतात. मला एवढंच ठाऊक आहे की जी त्यातल्या त्यात जमली, ती काढताना मी जागेवर नव्हतो. कुठे होतो ते सांगता येत नाही. भानावर आलो की चित्र समोर असायचं आणि चहावर साय.

पण ही तंद्री मला आपोआप कधी लागली नाही. ती लावायला बायको लागायची.

लग्नानंतर आम्ही एका खोलीत राहत होतो. टेबल एकच. मी त्यावर कागद पसरून बसे आणि ती कडेला बसून मोठ्यानं पेपर वाचे. शांततेत मला माझ्याच शंका ऐकू येतात: हा हात आखूड झाला, हा घोडा कुत्र्यासारखा दिसतोय. तिचा आवाज सुरू झाला की शंकांना तोंड उघडायला जागा उरत नसे. अग्रलेख, हवामान, हरवले-सापडले, काहीही चाले. मी अधूनमधून "हं" म्हणे. मी बुडालो की नाही हे बघायला ती मध्येच त्याच सुरात म्हणे, "आणि आत्ताच आपल्या मोरीत हत्ती शिरलाय." त्यावरही मी "हं" म्हटलं की ती पेपर घडी करून आपल्या कामाला लागे. अशाच एका "हं"वर तिचा भाऊ बायकापोरांसकट आमच्या त्या खोलीत महिनाभर राहून गेला. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली, आणि विचारलंच असणार.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे उंदराचं पुस्तक. घर शोधत गावभर हिंडणारा एक उंदीर शेवटी एका जुन्या बुटात संसार थाटतो, अशी ती गोष्ट. त्या काळी बरी खपली होती. प्रकाशक वारले. त्यांची मुलगी हल्ली ते पुस्तक पुन्हा काढायला निघाली, तर मूळ चित्रांचा गोदामात पाणी शिरून लगदा झालेला. नवीन काढून द्यायचं मी भिडेपोटी कबूल केलं. घरात एक जुनी प्रत होती, तिच्यावरून एकेक पान उतरवत गेलो. नक्कल करायला तंद्री लागत नाही, चष्मा लागतो. पण आमच्या मुलीनं लहानपणी त्या प्रतीचं शेवटचं पान फाडलं होतं. बुटाच्या आतलं घर त्या पानावर होतं. ते मला नव्यानंच काढावं लागणार होतं आणि काही केल्या निघत नव्हतं. बूट यायचा, उंदीर यायचा, घर म्हणून जे काढत होतो ते फर्निचरच्या दुकानासारखं दिसायचं.

तेवढ्यात प्रकाशकांच्या मुलीचा फोन आला. "काका, सोमवारी छपाईला जातंय. शेवटचं नाही जमलं तर टेन्शन घेऊ नका. आमच्याकडचा एकजण कॉम्प्युटरवर करून देईल. अगदी तुमच्यासारखं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ती धीर द्यायला म्हणाली. मला मात्र ते फार लागलं. कुणाला कळणार नसेल, तर इतकी वर्षं मी काय केलं?

"पूर्वीसारखं बसू या का?" मी बायकोला विचारलं.

"वाचू कशी? मला पेपरातली अक्षरं म्हणजे मुंग्या दिसतात. रेडिओ लावा."

"रेडिओ मी 'हं' म्हटलं तरी थांबत नाही."

"बरं, तोंडानंच सांगते काहीतरी," म्हणत ती खुर्ची ओढून बसली. मी पेन्सिल घेतली.

"आपली घरमालकीण आठवते? तुमच्या त्या मित्राला डॉक्टर समजून जिन्यातच गुडघा दाखवलान तिनं."

"आणि त्यानं तपासलासुद्धा!" मी हसलो.

"अहो, ऐकू नका ना!"

"मग इतकं चांगलं सांगू नकोस."

"बरं, कंटाळवाणं सांगते." तिनं पेपर वाचायचा सूर लावला. "त्या खोलीत मी खिडकीपाशी बसायचे. तुमच्या डाव्या हाताला."

"उजव्या."

"डाव्या. ऊन माझ्या पाठीवर यायचं."

"डावीकडे कपाट होतं."

"कपाट? आपल्याकडे? ट्रंक होती ट्रंक. तिच्यावर गादीची वळकटी. कपाट म्हणे! कुठल्या बाईबरोबर राहत होतात कोण जाणे."

"थांब, काढूनच दाखवतो," मी म्हणालो आणि एका फसलेल्या कागदाची पाठ समोर ओढली.

टेबल काढलं. ट्रंक काढावीच लागली. तिच्या वर दोरी आणि दोरीवर माझा एकुलता एक चांगला शर्ट. आरसा बायकोच्या उंचीला लावलेला, म्हणून मला दाढी वाकून करावी लागे, तो काढला. मग खिडकी. उजवीकडे काढणार तोच वाटलं, तिकडून उजेड आला असता तर माझ्या हाताची सावली कागदावर पडली असती. तशी सावली मला आठवेना. मग खिडकी डावीकडे केली. उजेड आला, आता तो कशावर तरी पडायला हवा. तो एका पाठीवर पडला.

पुढचं मला ठाऊक नाही.

भानावर आलो तेव्हा दिवा लागलेला होता. समोरची खुर्ची रिकामी. कागदावर ती खोली होती, पण तिच्या भिंती कधी कुणास ठाऊक गोलावत जाऊन बुटाच्या झाल्या होत्या. खिडकीच्या जागी नाडीचं भोक. त्याखाली उजेडाकडे पाठ करून एक उंदरीण पेपर वाचत होती आणि उंदीर डोकं खाली घालून काहीतरी खरडत होता. त्याचा एक कान मोठा झाला होता. तरीही ते घर होतं.

"आलात का?" बायको स्वयंपाकघरातून आली. "शेजारीण येऊन चहा पिऊन गेली. तिला वाटलं तुम्ही रागावलात."

"आणि मी काढत असताना तू मला काय काय सांगत होतीस?"

"काही नाही. तुम्ही खिडकी काढायला लागलात, मी गप्प बसले."

म्हणजे एवढा वेळ टेबलापाशी शांतता होती, आणि मला एकही शंका ऐकू आली नव्हती.

तिनं कागद उचलून नाकाशी नेला, दिव्याजवळ नेला, पुन्हा नाकाशी आणला. "खिडकी कुठे?"

"डावीकडे."

"बघा!"

"पण चित्र कसं झालंय?"

"मला कुठे दिसतंय नीट? त्या पुस्तकवाल्या मुलीला फोन करा आधी."

मला फोनवर बोलायला नीट जमत नाही. "चित्र झालंय," एवढंच म्हणालो.

"अरे वा! कसं झालंय, काका?"

"म्हणजे... तो कान जरा... तुम्हीच बघून ठरवा, नाहीतर तुमचा तो..."

बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "चांगलं झालंय गं. त्या कॉम्प्युटरवाल्याला राहू दे. उद्या येऊन घेऊन जा."

"काकू, तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? मी आहे ना त्यात," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.