नऊ कोट पांढरे

चांगला चालता कॅमेरा उघडून त्याच्या पोटातली काच उपटणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी तिला सूनबाई म्हणते, कारण थोरल्याने लग्न करून आणली आहे. आणि हा उद्योग केला कुठे, तर दुकानातल्या माझ्या टेबलावर, माझ्याच चिमट्याने!

"आई, डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. ही काच तो अडवते. काढली की तो आत येतो."

"आणि दिसणाऱ्या उजेडाने तुझं काय घोडं मारलंय?"

मग तिने कॅमेऱ्याच्या भिंगावर काळी काच बसवली. मी डोळा लावून पाहिलं, तर ठार अंधार. पहिले फोटो लालभडक आले. गवत पांढरं धरून रंग जुळवायला शिकली, तर सगळं धूसर. या उजेडासाठी भिंग नव्याने जुळवावं लागतं म्हणे. पंधरा दिवस स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं आणि ही मागच्या अंगणातल्या झाडापुढे. शेवटी एक फोटो धड आला. पानं पांढरीशुभ्र, आभाळ काळं. मी म्हटलं, माझाही काढ. डोळे कोळशासारखे आले, गाल मेणाचे.

"हा जपून ठेव," मी म्हटलं. "मी गेल्यावरही घर धाकात राहील."

इकडे माझ्या खुर्चीखालीच सुरुंग लागला होता. आमचं शिवणकामाचं दुकान. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या हातात कापड आहे. एका वाद्यवृंदाचे तीस काळे कोट शिवायला आले होते. कापड मधेच संपलं म्हणून व्यापाऱ्याने दुसरा तागा पाठवला. हात लावला आणि कळलं, हा तो नव्हे. चिमटीत धरला की कोरडा लागतो. चार धुण्यांत तांबूस पडेल, आणि रांगेत बसलेले वाजवणारे ठिगळांसारखे दिसतील.

थोरल्याने दोन्ही कापडं उन्हात धरली. "आई, एकच आहे."

मास्तर, म्हणजे आमचे कापणारे, वीस वर्षं माझ्या हाताखाली, त्यांनीही मान डोलावली. व्यापारी तर हसलाच. "आजी, आता आराम करा."

संध्याकाळी थोरला चाचरत म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून तपासणी मास्तरांकडे देऊ या."

माझ्या बोटांखालून गेल्याशिवाय चाळीस वर्षांत एक काज बाहेर पडलं नाही, आणि आता मास्तर! दुसऱ्या ताग्याचे कोट शिवून आले, तशी मी प्रत्येकाच्या आतल्या खिशात खडूची एक रेघ ओढून ठेवली.

इस्त्री झालेले तीसही कोट अंगणात दांडीवर वाऱ्याला टांगले. तासाभराने सूनबाई तोंड पाडून आली.

"झाडाचा फोटो काढायला गेले, कोट मधे आले. परत बिघडला, आई. काही कोट पांढरेच आलेत. पुसून टाकते."

"हात लावू नकोस! किती पांढरे?"

"नऊ."

"कोणते, ते सांग."

ती फोटोत बघून सांगत गेली, डावीकडून दुसरा, पाचवा, सहावा, आणि मी दांडीवरचे खिसे उलटत गेले. रेघ. रेघ. रेघ. नवव्या रेघेला माझे गुडघे दुखायचं विसरले. उरलेले एकवीसही तपासले. सगळे कोरे.

"म्हणजे रंगच वेगळा आहे!" सूनबाई ओरडली. "एक कापड हा उजेड गिळतं, दुसरं परत फेकतं!"

"फेकू दे. थोरल्याला बोलाव. त्या हसऱ्या व्यापाऱ्यालाही."

व्यापारी आला, फोटो पाहून म्हणाला, "कॅमेऱ्यात दोष आहे."

सूनबाई शांतपणे म्हणाली, "मी पाठ फिरवते. तुम्ही कोट हवे तसे मागेपुढे करा."

त्याने केले. तिने पुन्हा फोटो काढला. पुन्हा नऊच पांढरे, आणि नऊही खिशांत माझी रेघ. व्यापारी कपाळ पुसत पुटपुटला, "मधे रंगारी बदलला होता..."

दुसऱ्या ताग्यातलं उरलेलं कापड तो स्वतःच्या खांद्यावर घेऊन गेला, आणि नऊ कोटांचं कापड पहिल्या रंगाऱ्याकडून देतो म्हणाला. मास्तरांनी न सांगता माझी खुर्ची टेबलाशी सरकवली. थोरला भिंतीवरचं घड्याळ बघत होता, जणू ते आजच लावलंय.

सूनबाई दारात उभी होती, कॅमेरा पोटाशी धरून. मी सगळ्यांसमोर तिला सुनावलं:

"काच उपटलीस ती उपटलीसच, ते मी विसरणार नाही. उद्यापासून या टेबलाशी माझ्या शेजारी बसायचं. आधी माझी बोटं, मग तुझा डबा. आणि माझा चिमटा परत आण!"