डाव्या गुडघ्याचा गार पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. गुडघ्याला बांधायचा, विजेवर तापणारा, आणि जोडीतला डावा. डावा हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्याचा सगळा घोळ त्यातच आहे.

माझा जन्म शिरवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे कापडातच बारीक तारा विणतात आणि आत चपटी बॅटरी बसवतात. वरून बघाल तर साधी काळी पट्टी, पण चालू झाली की शेकायच्या विटेसारखी ऊब देते. आम्ही दोघे भाऊ एकाच खोक्यात होतो. बटण मात्र उजव्याला होतं. ते दाबलं की तो तापायचा आणि तारेविनाच मला सांगायचा, ताप. दहा पावलांच्या आत असलो तरच मला ते कळायचं. मला आपणहून तापता येत नाही. हे खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, पण इंग्रजीत.

सांगलीच्या हळद बाजारात कामाला असलेल्या नानासोनं आम्हाला त्याच्या आईसाठी घेतलं. त्याची आई सुलाबाई जत तालुक्यातल्या एका वस्तीवर राहायची. शेजारच्या छपरात तिची धाकटी जाऊ हरणाबाई. दोघींचे नवरे गेलेले, हरणाबाईला मूलबाळ नाही. मेंढ्यांमागं जन्मभर पायपीट करून दोघींचेही गुडघे कामातून गेलेले. आणि या घरची रीतच अशी, की काहीही आलं तरी दोघींत निम्मं निम्मं. भाकरी असो, घोंगडं असो, नाहीतर लुगड्यांचा जोड.

श्रावणात नानासो आम्हाला घेऊन आला, तो आईला सांगलीला न्यायलाच. तो जीपमध्ये बोचकी भरत होता, तेवढ्यात सुलाबाईनं मला आपल्या गुडघ्यावरून सोडलं आणि जावेच्या गुडघ्याला बांधलं.

"एक तुला, एक मला. न्हाई म्हनू नगंस, हरणे."

जीप निघाली. भाऊ गेला. मी एकटा राहिलो, आणि हरणाबाईही.

ती रोज मला चार्ज करायची. हिरवा दिवा लागला की हरखून बांधायची आणि ऊब येईल म्हणून वाट बघत बसायची. मी आपला गारच! बॅटरी भरलेली, तारा धडधाकट, पण सांगणारा भाऊ सांगलीत. मला फार लाज वाटायची.

सकाळी सुलाबाईचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"हरणे, तापतंय न्हवं?"

"तापतंय की, आक्का. लय आराम हाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, म्हातारी माझी चेष्टा करतेय. मग रोजच ऐकू लागलो. वस्तीवर माझं नाव झालं. बायका बघायला यायच्या, "लय गुणाचा पट्टा हाय बया," म्हणायच्या. न केलेल्या कामाची शाबासकी कशी टोचते, ते मला विचारा. सगळ्या गेल्या की हरणाबाई मला थोपटायची. "तू बी गार, मी बी गार. बस गप." त्यानंतर दिवसभर ती कुणाशी बोलायची नाही.

दिवाळीला नानासो फराळ घेऊन आला. "काकी, आईला डॉक्टरला दाखवलं. तुमीबी चला, गाडी हाय."

मला वाटलं, सुटली बिचारी! पण कसलं काय!

"मला कशाला रं? पट्ट्यानं बरं हाय की," ती म्हणाली. लंगडणं दिसू नये म्हणून तो जाईपर्यंत जागची उठली नाही. नानासोलाही ते खरं वाटलं. अरे बाबा, हात तरी लावून बघ, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण पट्ट्याला कुठलं आलंय तोंड!

थंडीत गुडघा टम्म सुजला. तिच्या चार मेंढ्या भाच्याच्या कळपात गेल्या. आता दारात बसून राहायचं, एवढंच तिचं काम उरलं.

जोंधळा काढणीला आला तेव्हा सुलाबाई भेटायला आली. जावेला खेटून बसली आणि सवयीनं आपल्या पट्ट्याचं बटण दाबलं. सहा महिन्यांनी भावाची हाक आली, आणि मी असा तापलो म्हणता!

"आगं आई! हे तापलं की!" हरणाबाई ओरडली.

"मग? तापनारच..." सुलाबाई बोलता बोलता थांबली. "म्हंजी आजवर तापत न्हवतं व्हय?"

हरणाबाईनं पदर माझ्यावर ओढून घेतला.

"सा म्हयनं खोटं बोललीस मला?"

"न्हाई म्हनलं असतं तर तुमी तुमचा काढून धाडला असता." मग खाली बघत म्हणाली, "आन तापतंय म्हनलं की तुमी खूश व्हायचा, आक्का. मग वाईच जास्त बोलायचा."

सुलाबाईनं तिला अशा शिव्या घातल्या, की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मग तोंडाला पदर लावून रडली. दुसऱ्याच दिवशी तिनं जावेला सांगलीच्या डॉक्टरकडे नेलं. सहा महिने आधी आणायला हवं होतं, ते म्हणाले, आता पाय पुरता सरळ व्हायचा नाही. आणि तो झाला नाही.

तिला वस्तीवर परत सोडताना सुलाबाईनं आपला पट्टाही तिलाच देऊन टाकला. आता आम्ही दोघे भाऊ हरणाबाईच्या गुडघ्यांवर असतो. मी छान तापतो. पण दुखणं मुरलंय, आणि दारात ती एकटीच असते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. लांब राहणारं म्हातारं माणूस फोनवर बरं आहे म्हणालं, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. जा, त्याच्याजवळ बसा, आणि दुखऱ्या जागेवर आपला हात ठेवून बघा.

आज सकाळीही सांगलीहून फोन आला. "लय बरं हाय, आक्का," हरणाबाई म्हणाली. मी तेव्हा तिच्या गुडघ्यावरच होतो. बरं नव्हतं.