मयताचं पाणी

चुलीवरच्या पातेल्याखाली बख्तजमालने आणखी एक लाकूड सारलं आणि भावाच्या मरणात आपला काय फायदा आहे, ते पुन्हा एकदा बोटांवर मोजलं. पहिलं बोट मुलाचं. करीमदादचं ओळखपत्र काकाच्या नावापायी सहा वर्षं अडकून पडलं होतं. ते सुटलं की पोरगा शारजाला ट्रक चालवायला जाणार होता. तिथला मुकादम गुरुवारपर्यंत थांबायला तयार होता. दुसरं बोट घराचं. महिन्याआड फौजी येऊन कणगीत संगिनी खुपसायचे, ते थांबणार. तिसरं बोट झोपेचं. चौथं दुःखाचं असायला हवं होतं; पण ते त्याने मुठीतच ठेवलं, कारण आधी साबण सापडत नव्हता.

"अदे, कोनाड्यात हिरवा साबण ठेवला होता मी. नवा."

आई मागच्या खोलीत मयताच्या उशाशी बसली होती. "असेल कुठेतरी," ती म्हणाली.

बख्तजमालचा हा भाऊ, झरवली, एकोणीस वर्षं डोंगरात होता, त्यातली बारा कमांडर म्हणून. त्याच्या हुकमाने दोन पूल उडाले, एक शाळा जळाली आणि गावचा म्होरक्या असलेल्या मलिकाचा थोरला मुलगा भर रस्त्यात गोळी खाऊन पडला. सरकारने त्याला तीनदा मारलं होतं, रेडिओवर. तिन्ही वेळा गाव फातेहाला आलं, तिन्ही वेळा बख्तजमालचा बकरा कापला गेला आणि तिन्ही वेळा पंधरवड्याने कमांडरचा निरोप आला, की खुशाल आहे, लोकरीचे मोजे पाठवा. चौथ्या वेळी तो स्वतःच आला. खाटेवर, डोळे लिंबासारखे पिवळे. बारा दिवस ताकासाठी हट्ट करत पडून राहिला आणि आज पहाटे मेला. काविळीने.

सकाळी बख्तजमाल मलिकाकडे गेला, तेव्हा म्हातारा बराच वेळ दाढी कुरवाळत राहिला होता.

"खाटेवर मेला? नक्की?"

"खाटेवरच."

"मग येतो मी. दुपारच्या नमाजानंतर, मुल्लाला घेऊन. या डोळ्यांनी बघतो आणि मग कागदावर अंगठा देतो. घरात मेला, आजाराने मेला, गावाने पुरला. तुझ्या पोराचं काम होईल." मग तो हसला; बघण्यासारखं हसू नव्हतं ते. "शेर काविळीने मेला! अरे, हे बघायला मी रांगतसुद्धा येईन."

पाण्याला आधण आलं, तेव्हा बाहेर दोन मोटारसायकली थांबल्या. चौघे उतरले. पुढे कारी समंद. कालपर्यंत तो झरवलीचा उजवा हात होता. आज पहाटेपासून त्याला आख्खं अंग हवं होतं.

"लाला, धुतलं तर नाही ना अजून?"

"पाणी तापतंय."

"अल्लाचे उपकार." कारीने डोक्यावरचा घाम पुसला. "शहिदाला धूत नाहीत. ज्या कपड्यांत पडला, त्याच कपड्यांत जातो."

"पण हा पडला नाही, कारीसाब. झोपला होता."

"काल घाटमाथ्यावर पडला. विमानाच्या माऱ्यात."

"काल तर काही आवाज झाला नाही."

"आज होईल."

आतून आईचा आवाज आला, "बारा दिवस त्याची घाण मी काढली. तेव्हा कुठे होतास रे, शहीदवाल्या?"

"अदे, शेर काविळीने मरत नसतो."

"शेर खरजेने मरतात. विचार धनगरांना."

मागच्या तिघांपैकी एकाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. कारीने बख्तजमालला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"माझी अडचण समजून घे. वर दीडशे माणसं आहेत. काविळीने मेलेल्याच्या गादीवर बसलो, तर सहा महिन्यांत निम्मी घरी जातील. आणि धुतलेल्या मुडद्याला हे तिघे शहीद म्हणून खांदा देणार नाहीत. नियम माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ! नशीब, वेळेवर आलो."

"माझ्या पोराचं ओळखपत्र आहे हो. मलिक येतोय अंगठा द्यायला. आत्ता, नमाज झाली की."

"शहिदाचा पुतण्या! त्याला आणखी कुठलं ओळखपत्र हवं?"

तो थट्टा करत नव्हता, म्हणूनच त्याच्याशी बोलता येईना. बख्तजमालने चहा पुढे केला, कोंबडी कापतो म्हणाला, मोटारसायकलीचं चाक बसल्यासारखं वाटतंय म्हणाला. कारीने फक्त उन्हाकडे पाहिलं. शेवटी बख्तजमाल दोन्ही हात चौकटीला लावून खोलीच्या दारात उभा राहिला. त्या तिघांपैकी एकाने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, एवढंच. बख्तजमाल बाजूला झाला.

"न्या," आई म्हणाली आणि उठून वाट दिली. तिच्यासारखी बाई एका शब्दावर थांबली, याचं बख्तजमालला नवल वाटलं. मयताच्या अंगावर तोच मळका, डागाळलेला कुर्ता होता. पगडी मात्र बर्फात निघालेल्या लेकराला बांधावी तशी कानांच्या खालपर्यंत आवळलेली होती.

मलिक आला तो धुतलेले कपडे घालून, मुल्लाला मागे ठेवून, काठी आपटत. रिकाम्या खाटेकडे त्याने पाहिलं.

"कुठाय?"

बख्तजमाल तोंड उघडणार, तोच घाटमाथ्यावर धडाका झाला. छपरावरची कबुतरं उडाली. मग खात्रीसाठी आणखी एक.

मलिक मान वाकडी करून ऐकत राहिला. "चौथ्यांदा," तो म्हणाला. "या वेळी बकरा कापू नकोस." आणि अंगठा मुठीत दाबून तो आल्या वाटेने, आला होता त्याहून पुष्कळ हळू, निघून गेला.

बख्तजमालने पातेल्याला लाथ मारायला पाय उचलला.

"सांडू नकोस," आई म्हणाली. "गोधडी घालते त्यात." आणि तिने शालीखालून साबण काढला. हिरवा, ओला, निम्मा झिजलेला.

तो साबणाकडे बघत राहिला.

"तू मलिकाकडे गेलास तेव्हा," ती म्हणाली. "दोन किटल्या पाणी लागलं. आधी उजवं अंग, मग डावं. मग कुर्ता परत चढवला, ओले केस पगडीत दडवले. मुल्लाला सांगू नकोस, बाईच्या हातचं चालत नाही म्हणेल."

"आणि कारी विचारत होता, तेव्हा गप्प बसलीस? एक शब्द, अदे! एक शब्द बोलली असतीस, तर त्या तिघांनी हात लावला नसता. मयत इथेच राहिलं असतं. मलिक आला असता, बघितलं असतं..."

"आणि कारी गप्प बसला असता? त्यांना पटवायला त्याने माझ्या पोराला मातीत लोळवलं असतं." तिने गोधडी पाण्यात दाबली. "एकोणीस वर्षांनी स्वच्छ झाला होता रे."

खिशातला फोन वाजला. करीमदाद शहरातल्या ट्रकअड्ड्यावर सकाळपासून वाट बघत बसला होता.

"बाबा, दिला का अंगठा?"

बख्तजमालने डावा हात पसरला आणि एकेक बोट मिटत गेला. कारीला गादी मिळाली. डोंगरातल्या दीडशे जणांना शहीद मिळाला. रेडिओला संध्याकाळची बातमी मिळाली. आईला तिचा पोरगा धुतलेला मिळाला.

"बाबा?"

"तुझा काका शहीद झाला."



"मग परत येऊ?"

"ये. झाडांवरचे चिलगोझे उतरवायचेत."

अड्ड्यावर कुणीतरी निघायच्या घाईने हॉर्न वाजवत होतं. ते ऐकत बख्तजमालने उरलेला अंगठाही मिटला.