दोघांची हवा

"चाचा, मागं एवढी हवा कुनासाठी? चाची कुठं हायेत?"

नेवाशाच्या पंक्चरवाल्या सुनीलने सायकलच्या मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला.

"ती पुढं गेली, जीपनं," रशीदचाचा म्हणाले. "संगमावर बसली असंल वाट बघत."

हाजराबी पुढे गेल्या होत्या हे खरेच होते. उन्हाळ्यात, संगमनेरच्या कब्रस्तानात. जीप तेवढी चाचांनी पदरची घातली.

चाचांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी. वजा जाता उरेल तो ऊस. एकदा त्यांनी हाजराबींनाही सायकलसकट काट्यावर चढवायचा बेत सांगितला. "मी काय ऊस हाय व्हय?" म्हणून त्यांनी अबोला धरला, तो चाचांना फारच शांत गेला.

निवृत्तीनंतर दर थंडीत हे दोघे एका सायकलवर प्रवरेच्या काठाने निघत. आश्वी, कोल्हार, बेलापूर. मुक्काम ओळखीच्यांकडे, ओळख नसेल तिथे हाजराबी ती ओट्यावर बसल्याबसल्या करून घेत. कॅरियरवर गोधडीची उशी, उशीवर हाजराबी, आणि हाजराबींच्या तोंडी सगळा रस्ता. खड्डा आला. म्हैस आली. हा पेरूवाला लुटतो, याच्याचकडं थांबा. मग कोल्हारला नदीकाठी पाय सोडून बसायचे आणि लुटून आणलेल्या पेरूला मीठ लावायचे. याहून मोठे सुख चाचांच्या तरी ऐकिवात नव्हते.

नेवाशाहून मात्र त्या सायकल माघारी वळवायला लावत. प्रवरा गोदावरीला मिळते ती जागा इथून तासाभरावर. पण, "आवंदा नको. कायतरी फुडच्या वर्साला ठिवा."

पुढचे वर्ष दवाखान्यात गेले.

"मग थोडी हवा सोडतो," सुनील म्हणाला. "रिकाम्या गाडीला लई दनके बसत्यात."

चाचांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला. "राहू दे. येताना बसंल ना ती."

सुनीलने टोपण फिरवले. चाचीला सलाम सांगा म्हणाला, येताना चहा इथंच. चाचांनी सांगतो म्हटले.

सायकल रस्ताभर उडत राहिली. एरवी खड्ड्याची वर्दी मागून यायची. आज एकही खड्डा चुकला नाही.

संगमाच्या घाटापाशी त्यांनी ब्रेक लावला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि हँडल घट्ट धरून थांबले. मागचे माणूस उतरल्याशिवाय पुढच्याने उतरायचे नसते. मागे ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. थोड्या वेळाने पुन्हा दिला.

चाचांनी पाय पुढूनच, दांड्यावरून उचलला. गुडघा कुरकुरला. मागून टांग काढली असती, तर कॅरियरवरच्या उशीला लागली असती.